न घासलेला कोपरा

घाटघरच्या टाक्याच्या तिसऱ्या पायरीचा डावा कोपरा त्या श्रावणात घासला गेला नाही, याला कारण मी होतो. गावाने अकरा वर्षे ज्या बाईला त्याबद्दल दोष दिला, तिने केवळ माझा शब्द पाळला होता. हे मी कुणालाही सांगितले नाही, अगदी पत्नीलाही नाही. मी हळू बोलणारा माणूस आहे. वर्गातही मागच्या बाकांवरून 'सर, मोठ्याने' अशी हाक अधूनमधून येते. मात्र हळू बोलणे आणि न बोलणे यांतले अंतर मला फार पूर्वीपासून ठाऊक होते, आणि तरीही या एका बाबतीत मी ते पुसून टाकले.

या आषाढात जुन्नरच्या आमच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राची खोली हलवायचे ठरले. कपाटे रिकामी करताना वर्तमानपत्राची एक घडी हाती आली. आत अंगठ्याच्या नखाएवढा हरितेचा तुकडा होता. हरिता म्हणजे भिंतींवर, दगडांवर पावसात उगवणारी ती मखमल, जिला सगळे लोक शेवाळच म्हणतात. तुकडा तपकिरी पडला होता, चहाच्या चोथ्यासारखा. घडीवर माझ्याच अक्षरात लिहिले होते : हायोफिला, घाटघर, टाके, पायरी तिसरी. मी तो काचेच्या बशीत ठेवला आणि त्यावर चार थेंब पाणी सोडले. या जातीची पाने सुकताना आत वळतात, मूठ मिटावी तशी. पाणी लागताच ती एकेक करून उघडू लागली, आणि दहा मिनिटांत बशीत हिरवा रंग होता. ती जिवंत झाली की नुसती पाणी प्यायली, हे मी खात्रीने सांगू शकत नाही. अकरा वर्षे मिटून राहिलेल्या मुठीसमोर मी मात्र खुर्ची ओढून बसलो, आणि शिपाई दुसऱ्यांदा हाक मारेपर्यंत उठलो नाही.

त्या वर्षी मी पंचेचाळिशीचा होतो आणि एका तुलनेने झपाटलो होतो. आमच्या पाठ्यपुस्तकांत एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे : हरिता म्हणजे वनस्पतिसृष्टीतल्या उभयचर. जमिनीवर राहतात, पण मीलनासाठी त्यांना पाणी लागते. बेडकासारखेच. हे वाक्य मी वीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो होतो आणि एकदाही तपासले नव्हते. मला वाटले, एक बेडूक घ्यावा, एक हरिता घ्यावी, आणि एकाच दगडावर एक पावसाळाभर दोघांकडे पाहत बसावे. खरोखर किती सारखे आहेत ते तरी कळेल.

घाटघरचे टाके त्यासाठी उत्तम होते. कातळात खोदलेले, वरून झाकलेले, आत उतरायला सात पायऱ्या. पावसाळ्यात ओढ्याचे पाणी गढूळ होते, म्हणून पिण्याचे पाणी तेव्हाही टाक्यातूनच भरतात. पायऱ्यांवर दिवसभर पाझर असतो. तिथे बोटाच्या पेराएवढा, कातळाच्याच रंगाचा एक बेडूक असे. इंडिराना हे त्याच्या कुळीचे नाव. त्याला डबके लागत नाही. तो ओल्या दगडावर, हरितेच्या गादीत अंडी घालतो, आणि त्याचे बेडूकमासे पाण्याच्या पातळ थराला चिकटून दगडावरच वाढतात. लांब शेपटीचे, घाबरले की दगडावरून टुणकन उडी घेणारे. एका कुशीत दुसऱ्याचे बाळंतपण. मला याहून सुंदर दुसरे काही सुचत नव्हते.

मी दर रविवारी सकाळच्या एसटीने जात असे. नाणेघाट बघायला निघालेल्यांच्या मोटारी बसला मागे टाकून जात. गावापाशी उतरले की ओल्या घोंगडीचा आणि चुलीच्या धुराचा वास एकदम येई. धुके असे उतरलेले असे की खाचरांतली भातलावणी करणारी माणसे आधी ऐकू येत, मग दिसत. मी टाक्यात उतरून पायरीवर पालथा पडत असे, एका हातात भिंग, छातीखाली प्लॅस्टिकचा कागद.

"सर, पायरीला कान लावून काय ऐकताय?" ठकूबाई वरून विचारत. "तिला बी सासुरवास हाय का?"

ठकूबाई साठीच्या होत्या. डोईवर दोन कळशा, वर कमरेला तिसरी, आणि तोंड मोकळे. त्यांच्या मागून त्यांची धाकटी जाऊ चंद्राबाई येत. त्या माझ्याच वयाच्या, मोजके बोलणाऱ्या. त्यांचे यजमान आळेफाट्याला एका गॅरेजात कामाला होते आणि पंधरवड्यातून एकदा घरी येत. दोन घरे लागून, मधे एक कुडाची भिंत. भातलावणीला दोघींची सावड असे : आज थोरलीच्या खाचरात दोन्ही घरची माणसे, उद्या धाकटीच्या.

"मी बेडूक आणि शेवाळ यांची तुलना करतोय," मी सांगितले.

"सोयरीक जमवताय म्हना की! मंग, पत्रिका जुळली का?"

"बरीच जुळते."

"आन् कोन भारी? बेंडूक का शेवाळ?"

मी गंभीरपणे समजावू लागलो. दोघांनाही कातडीतून पाणी पिता येते, दोघांच्याही आतल्या आणि बाहेरच्या जगात पक्की भिंत नाही, दोघेही पावसाच्या जिवावर. फरक उन्हाळ्यात पडतो. हरिता आपले सगळे पाणी सोडून देते, सुकते आणि थांबते. मरत नाही. बेडकाला थांबता येत नाही. त्याला दगडाखाली, मातीत दडून, अंगातला ओलावा जपत एकेक दिवस काढावा लागतो. ठकूबाईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि चुंबळ नीट केली.

"शेवाळाचंच बरं मंग," त्या म्हणाल्या. "त्याला पाय न्हाईत. घसरायचं भ्या न्हाई."

चंद्राबाई हसल्या. मीही हसलो. ते वाक्य मी वहीत लिहूनही घेतले, गंमत म्हणून.

त्या टाक्याची एक रीत होती. पावसाळ्याचे महिने घरांत वाटलेले असत. ज्या घराची बारी, त्या घरच्या बाईने दर सोमवारी सातही पायऱ्या विटेच्या तुकड्याने आणि राखेने घासायच्या, शेवाळ खरवडून काढायचे. त्याचा कुठे कागद नव्हता, कुणाची सक्ती नव्हती. बारी असणे म्हणजे गावाने तुमच्या हाती आपले पाय देणे. चंद्राबाईंकडे त्या साली श्रावण आला होता.

श्रावणाच्या आदल्या रविवारी तिसऱ्या पायरीच्या डाव्या कोपऱ्यात मला अंडी दिसली. साबुदाण्यासारखी, प्रत्येकीत एक काळा ठिपका, हरितेत अर्धी रुतलेली. अशी बारकाईने पाहायला मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. मी चंद्राबाईंना थांबवले.

"एवढा कोपरा दोन आठवडे घासू नका. वीतभरच आहे."

त्यांनी खाली वाकून पाहिले. "सर, पायरीवरचं शेवाळ ठेवू नये. बायामानसं वज्जं घिऊन चढत्यात."

"कोपऱ्यात कोण पाय ठेवतं? दोनच आठवडे."

"मंग वर दगूड ठेवते येक. खूण म्हनून. कुनाचा पाय पडायचा न्हाई."

"नको, नको," मी म्हणालो. "खूण दिसली की सगळे बघायला येतील. बेडूक बुजतील."

त्या घुटमळल्या. शिकलेल्या माणसाला किती वेळा नाही म्हणायचे, याचा त्यांच्या मनात काही हिशेब असावा, आणि तो संपला होता.

"बरं," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी ठकूबाई भरल्या कळशा घेऊन वर येत होत्या. वरून उतरणाऱ्या एका बाईला वाट द्यायला त्या तिसऱ्या पायरीच्या त्याच कोपऱ्याकडे सरल्या आणि घसरल्या. एवढेच. खुबा मोडला. त्यांना झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणले, तिथून जीपने जुन्नरला. दवाखान्यात त्यांना उतरवले त्या वेळी दोन गल्ल्या पलीकडे मी अकरावीच्या वर्गात शिकवत होतो. विषयही मला आठवतो : हरितेचे जीवनचक्र.

रविवारी घाटघरला उतरल्यावर मला हे समजले. मी आधी टाक्यावर गेलो. कोपरा घासून लख्ख केलेला होता, विटेचे तांबूस ओरखडे दगडावर ताजे होते. आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो अंड्यांचा. गेली, असे मला वाटले. ठकूबाई त्यानंतर आठवल्या. किती वेळाने, हे मी नेमके सांगू शकत नाही. क्षणभरच असेल. पण तो क्रम मी विसरू शकलेलो नाही.

मग मी त्यांच्या घरी गेलो. ओट्यावर ठकूबाईंचे यजमान, कोंडिबाआबा, चारसहा माणसांसोबत बसले होते.

"म्हैनाभर बारी," ते म्हणत होते, "आन् येक कोपरा घासाया व्हत न्हाई? टीव्हीम्होरं बसली आसंल. दुसरं काय!"

चंद्राबाई आतून काळ्या चहाचे पेले घेऊन आल्या. एक पेला माझ्यासमोर ठेवताना त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात राग नव्हता. आता तुम्ही बोलाल, एवढी साधी खात्री होती. मी पेला उचलला आणि म्हणालो, "पाऊस फार झालाय यंदा."

परतीच्या गाडीपर्यंत त्या माझ्यामागे आल्या. "सर, तुमची अंडी गेली," त्या म्हणाल्या. "त्याच सांजंला घासलं मी समदं. मनाला लावून घिऊ नका." आणि मग, गाडी दिसू लागल्यावर : "मी सांगू का त्यास्नी, तुमी म्हनला व्हता म्हनून?"

"आत्ता नको," मी म्हणालो. "जरा निवळू दे. मीच सांगेन. तोवर तुम्ही काही बोलू नका."

"बरं," त्या दुसऱ्यांदा म्हणाल्या.

लपवणाऱ्याला आडोसा लगेच सापडतो. मला माझ्या शास्त्रात सापडला. खरी घसरण होते ती हरितेवर नव्हे. तिच्या भोवतीच्या, तिच्याखालच्या बुळबुळीत शैवालाने होते. हरितेची गादी उलट पायाला थोडी धरूनच ठेवते. हे खरे आहे, आणि या खऱ्याच्या मागे मी कित्येक वर्षे बसून काढली. माझा लेख पुरा झाला. मंचरला एका चर्चासत्रात मी तो वाचला. बाहेर महामार्गावरून कांद्याचे ट्रक जात होते, त्यांच्या आवाजात मधली वाक्ये बुडत होती, तरी लोकांनी टाळ्या वाजवल्या. लेखात एका ठिकाणी लिहिले होते : अतिवृष्टीमुळे निरीक्षण खंडित झाले. ओट्यावर जे तोंडातून निसटले होते, ते आता छापून आले.

त्यानंतर मी विद्यार्थ्यांच्या सहली आंबेगावच्या डोंगरात नेऊ लागलो. तिकडेही तोच कातळ, तोच पाऊस. घाटघरची खबर एसटीत कानावर येई आणि मी खिडकीबाहेर पाहत राही. ठकूबाई घरी आल्या, पण काठी सुटली नाही. दोन्ही घरांची सावड मोडली. आणि चंद्राबाईंच्या घराची बारी गावाने काढून घेतली. या बाईच्या हातावर पाय ठेवायला नको, असे काहीतरी कुणी बोलले म्हणे. त्या रोज त्याच पायऱ्या उतरत होत्या, दुसऱ्यांनी घासलेल्या.

बेडूक आणि हरिता यांचा खरा फरक मला लेख छापून झाल्यावर समजला. थांबण्याची सोय माझ्यापाशी होती. मी सुकून, मिटून, घडीत पडून राहू शकत होतो, आणि दर पावसाळ्यात थोडा ओलसर होऊन पुन्हा मिटू शकत होतो. चंद्राबाईंना ती सोय नव्हती. दिलेला शब्द आत धरून त्यांना एकेक दिवस काढायचा होता.

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी रजा टाकून मी घाटघरला गेलो. चंद्राबाई ओट्यावर वरई पाखडत होत्या. केस पांढरे झाले होते. त्यांनी मला ओळखले, सूप बाजूला ठेवले, आणि पाण्याचा तांब्या आणून दिला.

"लई दिसांनी, सर. बेंडकं बरी हायती का?"

कुडापलीकडच्या घराकडे पाहून मी ठकूबाईंबद्दल विचारले.

"थोरली गेली की. माघात." त्यांनी सूप जवळ ओढले. "शेवटच्या आंघोळीला टाक्याचं पानी आनलं समद्यांनी. मी बी कळशी नेली व्हती. आत घेतली न्हाई. उंबऱ्याभाईरच ऱ्हायली."

मी काहीतरी बोलू पाहिले. त्यांनी हात हलवला.

"शेवटी शेवटी मला बघून त्वांड फिरवायची न्हाई ती. काठी घिऊन ओट्यावर बसायची, मी जाताना बघायची. मी थांबले आसते ना, तर बोलली आसती. पन मी थांबले न्हाई. बोलनं निघालं आसतं तर माज्या तोंडातून गेलं आसतं. तुमाला शबूद दिला व्हता न्हवं."

पागोळ्या पडत होत्या. आपल्या एका वाक्याने दोन जावांच्या शेवटच्या दिवसांतले काय काय नेले, हे मला त्या आवाजात ऐकावे लागले.

"मी आज सांगायला आलोय," मी म्हणालो. "सगळ्यांसमोर."

"आता सांगून थोरली उठनार हाय व्हय?" एवढे एकच वाक्य त्यांनी थोडे चढ्या आवाजात म्हटले. मग पदराने हात पुसत उठल्या. "चला. आज सोमवार, बाया टाक्यावरच असत्याल. तुमी सांगा. मला माजी बारी माघारी पायजे. दुसरं काय नगं."

टाक्यावर चारपाच बायका पायऱ्या घासत होत्या. विटेचा खरखर आवाज, राखेचे काळे पाणी. वरच्या दगडावर कोंडिबाआबा काठीवर हनुवटी टेकून बसले होते. बायको गेल्यापासून दर सोमवारी ते येऊन बसतात आणि कोपरे घासले की नाही हे स्वतः पाहतात, असे चंद्राबाईंनी वाटेत सांगितले होते. मी दोन पायऱ्या उतरलो. तिसरी स्वच्छ होती. आणि तिच्या वर, डाव्या हाताच्या कातळभिंतीवर, जिथे कुणाचाही पाय कधी पडत नाही, तिथे तीच हरिता होती, हातभर पसरलेली. तिच्यात अंडी होती. खालच्या ओल्या दगडाला बेडूकमासे चिकटले होते.

ती भिंत त्या सालीही तिथेच होती. तिच्यावरची हरिता मी तेव्हाही पाहिली होती. पण भिंतीकडे पाहत राहायला मान तिरकी करून उभे राहावे लागे. पायरीवर आरामात पालथे पडता येई. बेडकांना तो कोपरा लागतच नव्हता. तो मला हवा होता.

कुठूनतरी बेडकाचा आवाज आला, दोन खडे एकमेकांवर हलकेच वाजवावेत तसा. एवढासा जीव, पण साऱ्या टाक्यात तो घुमला. मी आबांसमोर जाऊन उभा राहिलो, हात जोडले आणि माझ्या नेहमीच्या आवाजात सांगू लागलो. दोन वाक्ये बोलून झाली तरी ते माझ्याकडे नुसते पाहत होते.

"काय म्हनताय?" त्यांनी कानामागे तळवा धरला. "मास्तर, मोठ्यानं बोला. मला आता ऐकाया येत न्हाई."

एक बाई हसली. "लई मोठ्यानं बोलावं लागंल, सर. पार खाचरात ऐकू जाईल आसं."

विटांची खरखर थांबली. चंद्राबाई वरच्या पायरीवर, कळशी कमरेला धरून, उभ्या होत्या. मी श्वास घेतला, आणि आयुष्यात कधी बोललो नव्हतो इतक्या मोठ्याने बोललो :

"आबा, तो कोपरा चंद्राबाईंनी आळसानं सोडला नव्हता. घासू नका, खूणही ठेवू नका, असं मी त्यांना सांगितलं होतं. माझ्या बेडकांसाठी. ठकूबाई माझ्यामुळे पडल्या. मी अकरा वर्षं गप्प बसलो आणि चंद्राबाईंनाही गप्प बसवलं. त्यांची बारी त्यांना परत द्या. ठकूबाईंची माफी मागायची वेळ मी घालवली. आबा, तुमची मागतो. चंद्राबाई, तुमची मागतो. माझं चुकलं. मला माफ करा."